नऊ पावलं

धानोरीत आमच्या गल्लीपर्यंत ड्रेनेजची लाइन
गेली एकोणीस वर्षं येतेच आहे.
दर निवडणुकीला पाइप येऊन पडतात,
त्यांत कुत्री विते, पिल्लं मोठी होतात,
मग पाइप दुसऱ्या वॉर्डात जातात.

तोवर अण्णांनी बांधलेली टाकी.
सत्त्याऐंशी सालची, विटांची,
पाच माणसांच्या हिशेबाने.
आता घरात मी एकटी,
तरी परवा न्हाणीतलं पाणी घोट्यापर्यंत चढून थांबलं
आणि खालून आवाज आला,
पोटभर जेवलेल्या माणसाचा.

झाकण कुठे, कुणालाच ठाऊक नाही.
वरून आधी कोबा आला,
मग रवीच्या लग्नाला पेव्हर ब्लॉक.
रवी म्हणाला, "ताई, विकून टाक. बिल्डर बघेल."
तो बंगळुरात चौदाव्या मजल्यावर राहतो.
तिथून काहीही खाली सोडलं
की ते आपलं उरत नाही.

अण्णांच्या टेलिफोन खात्याच्या डायरीत
मोटारीचं वायंडिंग आणि गच्चीचं डांबर
यांच्या मध्ये एक ओळ :
"टाकी. मागच्या नळापासून कुंपणाकडे नऊ पावलं. झाकणाला कडी."

मी नऊ पावलं चालले.
सकटच्या पोराने ब्लॉक उचकटून पहार घातली. मुरूम.
म्हटलं, अण्णा सहा फुटी, माझी पावलं ती कसली.
शेजारच्या ताडमाड प्रणीतला चालवलं,
तो आठव्यालाच कुंपणाला टेकला.
टँकर दारात. सकट ओठात विडी धरून,
न पेटवलेली.

पुन्हा डायरी. या वेळी तारीख वाचली.
सहा मार्च दोन हजार चार.
म्हणजे खुब्याच्या ऑपरेशननंतर.
वॉकर घेऊन अंगणभर हिंडायचे तेव्हा,
आम्हाला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.

मी नळापाशी उभी राहिले.
वॉकर उचलायचा, ठेवायचा.
उजवा पाय. डावा त्याच्या शेजारी आणायचा. एक.
सकटच्या पोराने हसू दाबलं,
तिसऱ्या पावलापासून मात्र तोच मोजू लागला.
"...आठ, नऊ."
कपडे वाळत घालायच्या तारेखाली,
जिथे मी रोज सकाळी उभी असते.
पहार खणकन वाजली.

"मागे व्हा. तासभर उघडं राहू दे. कुणी वाकायचं नाही."
मी उगाच विचारलं, "पूर्वी माणूस उतरायचा ना?"
सकटने विडी ओठाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली.
"माझा भाऊ उतरला होता. मांजरीत, एका शाळेच्या टाकीत."
मग पोराकडे बघून, "पाइप सोड."

मोटर धडधडत राहिली.
गल्लीने खिडक्या लावून घेतल्या,
समोरच्या देवस्थळीबाईंनी पाच उदबत्त्या पेटवल्या.
तळाचा थर वीस वर्षांचा तरी असेल, सकट म्हणाला.
म्हणजे त्यात अण्णा होते,
आईचं शेवटचं वर्ष, गोळ्यांच्या वासाचं,
दर परीक्षेला बिघडणारं रवीचं पोट.
पाइप मधेच फुगायचा, मग सैल पडायचा.
मी नाकावरचा पदर काढला. का, ते सांगता येणार नाही.

तीन हजार दोनशे झाले.
चहाला सकटने विचारलं, कागदी कप आहेत का.
नव्हते. असते तरी दिले नसते,
असं आता म्हणायला सोपं आहे.
चिनीमातीचे काढले.
पायरीवर तिघं बसलो, बोललो फारसं नाही.

संध्याकाळी टेप लावून मोजलं : दहा फूट चार इंच.
अण्णांच्या ओळीखाली लिहिलं.
मग वाटलं, पुढच्याकडे टेप असेल, नसेल.
कंसात लिहिलं, पावलं ऑपरेशननंतरची.

पुढच्या पानावर :
गच्चीची चीर, पाण्याच्या टाकीशी.
फ्लोट व्हॉल्व्ह.
ब्लॉक परत बसवणे, कडीवरचा एक सोडून.
फाटकाची बिजागरी कुरकुरते, त्यांच्या वेळेपासून.
तेल आणलं आहे.
राहू दे.